माझी कंबर आणि तिची

“ह्यातला तुमचा फोटो कुठला, ओळखा बघू,” गुरव मॅडम म्हणाल्या.

उजेडाच्या पेटीवर त्यांनी दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले होते. दोन्ही कंबरेचे. नावाच्या जागी पांढरी पट्टी चिकटवलेली. मी काही डॉक्टर नव्हे, पण चार वर्षं कंबर घेऊन दवाखाने फिरलो होतो. मणका, गादी, नस हे शब्द मला पाठ झाले होते. डावीकडचा फोटो बरा दिसत होता. उजवीकडच्या फोटोत मणके एकमेकांवर टेकलेले, कडांना काटे फुटलेले, आणि खालचा एक मणका चक्क पुढं सरकलेला.

मी उजवीकडं बोट दाखवलं. “ह्यो. आमचाच.”

“नक्की?”

“मॅडम, चार वर्सं ह्या कंबरंसंगं झोपतोय. मी वळखनार न्हाई तर कोन?”

त्यांनी उजवीकडच्या फोटोवरची पट्टी काढली आणि मोठ्यानं वाचलं, “अक्काताई भूपाल मगदूम.”

मी पुढं होऊन स्वतः वाचलं. नाव माझ्या बायकोचंच होतं.

“ती तर भायेर बसून शेंगा खातीया,” मी म्हणालो.

“हो. स्टँडवरनं कशा आल्या त्या?”

“चालत.”

“हातात काय होतं?”

“हातात काय न्हवतं. डोक्यावर तांदळाचं गठुळं हुतं. भावाला द्यायला.”

अक्काताई मागच्या महिन्यात गोठ्यात घसरून पडली होती, तेव्हा ह्याच दवाखान्यात तिचा फोटो काढला होता. मुका मार होता, आठ दिवसांत ती परत कामाला लागली. फोटोत काय दिसलं, हे मी तेव्हा विचारलंच नव्हतं. माझ्याच कंबरेतून मला सवड नव्हती.

“म्हंजी माझं दुखनं खोटं?” मी विचारलं. मला रागच आला होता.

“अजिबात नाही. तुमचं दुखणं पूर्ण खरं आहे. फक्त ते ह्या हाडांत नाही. तुमचा फोटो पन्नाशीच्या माणसाचा असतो तसाच आहे. लचक भरली होती ती कधीच भरून आली.” त्यांनी खुर्ची ओढून घेतली. “घरी कुत्रं आहे?”

“घरी न्हाई. गुऱ्हाळावर हाय.”

“तिथं कधी चोर आला होता?”

“आलता की. मागं पान्याची मोटार उचलून न्हेली. तवापास्नं कुत्रं मालकावर बी भुकतंय.”

“चोर अजून येतो?”

“न्हाई. पर कुत्र्याला कोन सांगनार? त्येच्या मनात भ्या बसलंय. पान हाललं तरी भुकतंय.”

“मग तुम्ही लोक जाता कसे तिथं?”

“सरळ जायाचं. हाक मारत जायाचं. हळूहळू वळखाय लागतंय. लांबनं चोरपावलानं गेलं तर मातूर जास्तच भुकतंय.”

मी बोलून गेलो. मॅडम हसत होत्या.

“कंबरेत एकदा खरा चोर आला होता, भूपालअण्णा. तो गेला. कुत्रं भुंकायचं थांबलेलं नाही. आणि चार वर्षं तुम्ही स्वतःच्या कंबरेभोवती चोरपावलानं फिरताय. पट्टा बांधून, श्वास रोखून, वाकायचं टाळून. ते भुंकणार नाही तर काय करेल?”

मी गुळव्या. गुऱ्हाळावर उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत असतो, तेव्हा गूळ कधी आला हे सांगणारा माणूस. काहील लवकर उतरवली तर गुळाचा रवा धरत नाही, उशीर झाला तर गूळ करपतो. वसंतआप्पांच्या गुऱ्हाळावर मी कितीतरी हंगाम हे काम केलं. एका हंगामात काहील उतरवताना एकाच्या हातातला दांडा निसटला, सगळा भार माझ्या अंगावर आला आणि कंबरेत कट्कन वाजलं. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, गादी सरकलीय, वाकायचं नाही, उचलायचं नाही. सांगितलेलं ऐकणारा मी माणूस आहे. खाटेवर बसलो.

आधी उचलताना दुखायचं. मग वाकताना. मग बसल्यावर. शेवटी शेवटी लेंग्याची नाडी कंबरेला लागली तरी दुखायचं. पट्टे झाले, तेलं झाली, एका वैदूकडनं शेकून घेतलं. घरातलं पाणी, गवताचे भारे, दोन म्हशी, गॅसची टाकी, सगळं अक्काताईकडं गेलं. मुलगी लग्न होऊन निपाणीला. घरात आम्ही दोघंच.

बायकोचं नाव अक्काताई असल्यामुळं तिला नावानं हाक मारायची सोय नव्हती. लग्न झाल्यावर एकदा बाजारात मारली, तर भाजीवाली बाई म्हणाली, “बहीण पुढं गेली तुमची.” तेव्हापासून आमचा संसार ‘अगं’वर चालला.

“घरी जाऊन मंडळींना सांगा हे सगळं,” मॅडम म्हणाल्या. “दोघं मिळून हसा. आणि रोज थोडं थोडं उचलायला लागा. दुखेल. घाबरू नका. दुखलं म्हणजे मोडलं असं नाही.”

मी बाहेर आलो. अक्काताई बाकावर टरफलांचा ढीग करून बसली होती.

“काय म्हनल्या?”

माझ्या डोळ्यासमोर तो पुढं सरकलेला मणका होता. मला गादी सरकलीय असं एका डॉक्टरांनी सांगितलं आणि मी चार वर्षं बसलो. हिला मणका सरकलाय हे कळलं, तर हीही बसेल. मग आमच्या घरात उभं कोण राहणार? मॅडमचं शास्त्र खरं असेल, पण ते ऐकून अर्धा तास झाला नव्हता, आणि सरकलेला मणका मी डोळ्यांनी बघितला होता.

“काय न्हाई,” मी म्हणालो. “दोगांचं बी ब्येस हाय.”

तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग मूठभर शेंगा माझ्या हातात दिल्या आणि गठुळं डोक्यावर घेतलं. मी तिच्या मागून चालत होतो. तिच्या प्रत्येक पावलाला मी तिच्या कंबरेकडं बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. अक्काताईनं डोक्यावर चुंबळ ठेवली आणि हंडा उचलायला वाकली.

“थांब,” मी म्हणालो. “दे हिकडं.”

“काय?”

“हंडा.”

ती सरळ उभी राहिली. “तुमी? कशापायी?”

“दे म्हनलं तर दे.”

“आवो, कंबर हाय तुमची.”

“मला ठावं हाय कुनाची हाय.”

तिनं हंडा दिला नाही. शेजारची कळशी उचलून माझ्या हातात दिली. “ही घ्या. हंड्याचं बघू मागनं.”

नळापासून स्वयंपाकघरापर्यंत मी कळशी नेली. कंबर बोंबलत होती. पाणी डेऱ्यात ओतलं, कळशी खाली ठेवली आणि वाट बघितली. आता काहीतरी होणार. कट्कन वाजणार. काही झालं नाही. संध्याकाळी ठणकलं, सकाळी तेवढंच होतं जेवढं रोज असतं. भुकतंय, भुकू दे, असं मनात म्हणून मी परत कळशी घेतली.

असं करत करत मी तिच्या मागं लागलो. ती भारा बांधायची, मी उचलायचो. आधी अर्धाच, मग सगळा. ती शेणाची पाटी भरायची, मी खांद्याला लावायचो. काही दिवस वाईट जायचे, तेव्हा कमी उचलायचो, पण सोडत नव्हतो. खरं सांगायचं तर स्वतःच्या कंबरेचा विचार करायला मला वेळच मिळत नव्हता. माझं सगळं ध्यान तिच्या कंबरेवर होतं. ती वाकली की मी दचकायचो.

एकदा गवताचा भारा डोक्यावर घेऊन येताना वाटेत दस्तगीर भेटला. दस्तगीर आमच्या गुऱ्हाळाचा चुलवाण्या. काहिलीखालचा जाळ त्याच्याकडं. त्याची जीभ त्याच्या जाळासारखीच.

“अण्णा, भारा चाललाय का तुमी चाललाय?” त्यानं सायकल थांबवून विचारलं.

“दोगं बी.”

“वहिनी कुठायत?”

“मागनं येतीया.”

त्यानं मागं बघितलं. अक्काताई रिकाम्या हातानं, विळा हलवत येत होती.

“वहिनी, ह्ये काय बघतोय मी? ह्येंला खाटंवरनं उठवलं कुनी?”

“इचार त्यास्नीच. मला कायबी उचलू देत न्हाईत. आंगात आलंय त्येंच्या.”

“अंगारा लावू का?”

“लावू नगो बाबा. आलंय तर ऱ्हाऊ दे.”

दोघं हसले. मला हसायला येत नव्हतं. भारा मानेवर रुतत होता आणि मी मनात म्हणत होतो, हसा, तुम्हाला काय माहीत.

मग एक दिवस जे व्हायला नको होतं ते झालं. अक्काताई चुलीपुढनं उठली आणि “आई गं” म्हणून तिनं कंबरेला हात लावला. डाव्या बाजूला.

“काय झालं?” मी हातातलं टाकून आलो.

“काय न्हाई. जरा उसण भरल्यागत झालं.”

“कुठं?”

“हितं. डावीकडं. ऱ्हाईल आपोआप.”

राहिलं नाही. दोन दिवसांनी परत “आई गं”. गॅसची टाकी आली त्या दिवशी तर ती भिंतीला धरून उभी राहिली. टाकी मी आत नेली. रात्रभर मला तो फोटो दिसत होता. सकाळी उठलो आणि तिला न सांगता तालुक्याची बस धरली.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

“तुम्ही त्यांना फोटोचं सांगितलंत?”

“न्हाई. एक सबूद न्हाई.”

“मग काय केलंत?”

“गुमान हातातलं काढून घेतोय. हंडा, भारा, पाटी. तिला म्हनावं तर काय कळू दिलं न्हाई.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “अण्णा, रोज कुणी तुमच्या हातातली वस्तू काढून घ्यायला लागलं, तर तुम्हाला काय वाटेल?”

“वाटंल, आपल्याला काय तरी झालंय.”

“आणि मग?”

मी खुर्चीत सरकून बसलो.

“चार वर्षं तुमच्या हातातलं किती जणांनी काढून घेतलं?”

सगळ्यांनी. अक्काताईनं, दस्तगीरनं, जावयानं. दूधवाल्यानंसुद्धा. प्रेमानंच. बसा बसा, तुमची कंबर आहे.

“तुमचं दुखणं तुम्ही त्यांना द्यायला निघालाय,” मॅडम म्हणाल्या. “घरी जा, फोटोचं खरं सांगा आणि कुत्र्याचंही सांगा. तुमच्या भाषेत. मला जमणार नाही तसं तुम्ही सांगाल.”

मी उठलो. दारापर्यंत गेलो.

“बसला गर्दी होती का?” त्यांनी मागून विचारलं.

“लै. हुबं ऱ्हाऊनच आलो.”

“आणि पट्टा?”

मी कंबर चाचपली. पट्टा घरी खुंटीवर राहिला होता.

दुपारी अक्काताई सोप्यात शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसलो. फोटोचं मला सांगवेना, म्हणून आधी कुत्र्याचं सांगितलं. चोर, मोटार, भुंकणं, सगळं. ती ऐकत होती, शेंगा फोडायचा हात थांबला नव्हता.

“म्हंजी मला दुखतंय त्ये खोटं?” तिनं विचारलं.

“खोटं कोन म्हनतंय? खरंच हाय. पर दुखतंय म्हंजी आत काय मोडलंय असं न्हाई. डोकं राखन करतंय आपली. जरा जास्तच करतंय.”

“डोक्याला काय करायचंय कंबरंत?”

“आगं, दुखतंय का न्हाई त्ये डोकंच ठरवतंय. आता बघ, मी गुळाची गोळी बघाय उकळत्या पाकात बोट घालतोय. पान्यात भिजवून घालतोय, सवय हाय, मला कायबी वाटत न्हाई. आन त्योच पाक मागनं यून कुनी हातावर सांडला तर?”

“तर सगळ्या गावाला कळंल.”

“मग? पाक त्योच, हात त्योच. एकदा डोक्याला म्हाईत हाय की काय धोका न्हाई. एकदा म्हाईत न्हाई.”

ती विचारात पडल्यासारखी दिसली. “मग मी वाकू?”

“वाक की. थोडं थोडं.”

“आन मोडलं तर?”

“हाड हाय, काच न्हाई. न्हाई मोडत.”

“मला भ्या वाटतंय. तुमी वाकून दावा.”

मी उठलो, वाकलो आणि जमिनीवरचं सूप उचललं.

“आसं?”

“आसं.”

“परत एकदा दावा. मला कळलं न्हाई गुडगं कुठं ठेवायचं.”

मी सूप खाली ठेवलं, परत उचललं. तिनं शेंगांची बुट्टी पुढं सरकवली. “जड आसंल तर?”

मी बुट्टी उचलून दाखवली. मग पाट उचलला. मग तिला दगडी खलबत्त्याची शंका आली, तोही उचलला. तिनं तोंडाला पदर लावला होता. तिला कळ येतेय असं वाटून माझा जीव कासावीस झाला.

“लै दुखतंय का?”

“न्हाई न्हाई,” ती पदराआडून म्हणाली. “तुमी सांगा. चांगलं सांगतासा.”

त्या दिवसानंतर हे रोजचंच झालं. ती शंका काढायची, मी उत्तर द्यायचो, आणि बहुतेक उत्तरं वाकून द्यावी लागायची. तिला पटवता पटवता मला पटायला लागलं होतं. पण फोटोचं काही मी बोललो नाही. जिभेवर यायचं आणि परत जायचं.

दसऱ्याला वसंतआप्पा सोनं द्यायला आले. आपट्याची पानं हातात ठेवून ते बसले.

“भूपाल, आता सपष्ट बोलतो. चार हंगाम भायेरगावचा गुळव्या आनून चालवलं. तुजी जागा तशीच ठेवली. औंदा त्यो म्हनतोय, कायमचं ठरवा, न्हाईतर मी दुसरीकडं जातो. दिवाळी झाली की चुलवाण पेटनार. तू येनार का न्हाई?”

काहिलीपुढं दिवसभर उभं राहायचं. वाकून रसावरची मळी काढायची. शेवटी काहील उतरवायला हात लावायचा. जिथं कंबर गेली तीच जागा. मी स्वयंपाकघराकडं बघितलं. अक्काताई दाराच्या चौकटीला टेकून, कंबरेवर हात ठेवून उभी होती. मनात आलं, घरातली एक कंबर चाललीय. दुसरी तरी कामाला लागली पाहिजे.

“येतो,” मी म्हणालो.

दिवाळी झाली. चुलवाण पेटायच्या दिवशी मी पहाटेच गुऱ्हाळावर गेलो. पूजा झाली, नारळ फुटला, उसाचा चरक सुरू झाला आणि काहिलीत रस पडला. मळी काढायला गेलो तर माझी शिबी नव्हती. शिबी म्हणजे लांब दांड्याची भोकाची पळी. दुसऱ्याच्या शिबीनं काम मला कधी जमलं नाही, आणि माझी घरी माळ्यावर होती. रस तापायला वेळ होता. दस्तगीरला जाळ बेतानं ठेवायला सांगून मी घरी निघालो. जवळची वाट म्हणून गोठ्याकडच्या दारानं आत शिरलो.

अक्काताई पेंडीचं पोतं हलवत होती. भरलेलं, शिवण न उसवलेलं पोतं. तिनं ते दोन्ही हातांनी कवटाळलं, गुडघ्यावर घेतलं, एक हिसका दिला आणि उंच कट्ट्यावर नेऊन ठेवलं. मग हात झाडले, पदर खोचला आणि दुसऱ्या पोत्याकडं वळली. गाणंही गुणगुणत होती.

म्हशीनं मला बघून मान हलवली. तेव्हा अक्काताईनं मागं बघितलं.

मग तिनं हळूच कंबरेवर हात ठेवला.

“आई गं,” ती म्हणाली.

“दुसरी बाजू,” मी म्हणालो. “डावी दुखतीया तुजी.”

तिनं हात उजवीकडून डावीकडं नेला, माझ्याकडं बघितलं आणि तिला हसू आवरेना. हसता हसता ती पोत्यावरच बसली.

“किती दिस चाललंय ह्ये?” मी विचारलं.

“पयल्यापास्नं.”

“म्हंजी दुखतच न्हवतं?”

“माज्या कंबरंला काय धाड भरलीया?”

“आन तुजा फोटो? मनका सरकलाय तुजा.”

“ठावं हाय.”

मी दाराच्या चौकटीला टेकलो.

“मॅडमनी आदी मलाच दावला,” ती म्हणाली. “दुखतंय का म्हनून इचारलं. मी म्हनले, न्हाई. त्या म्हनल्या, मग झालं, फोटूकडं बघू नका, कामं करा. मीच म्हनले त्यास्नी, आमच्या मालकांचा फोटू चांगला हाय म्हनून नुसतं सांगू नगासा, त्येंला पटायचं न्हाई. माजा शेजारी लावा.”

“मग तू बोलली न्हाईस?”

“मी वाट बघत हुते की. तुमी भायेर यून सांगनार, आपन दोगं हसनार. तर तुमी म्हनलासा, दोगांचं बी ब्येस हाय. आन दुसऱ्या दिवशी माज्या हातातला हंडा वढाय लागलासा. मग मी इचार केला, माजी कंबर आता लवकर बरी हुयाला नगं.”

“मॅडमना सांगितलंस?”

“त्या काय म्हनल्या असत्या, खोटं बोलू नगा. म्हनून न्हाई सांगितलं.”

मी गोठ्याच्या दारातनं आत गेलो आणि खाटेवर बसलो. चार वर्षांची सवय. बसलो आणि कंबर दुखायला लागली. खरोखर, चांगली सपाटून. गुऱ्हाळावर जायचं मी कबूल केलं होतं ते हिची कंबर गेली म्हणून. आता हिची कंबर धडधाकट होती. आप्पांना निरोप धाडला असता तर संध्याकाळपर्यंत तो बाहेरगावचा गुळव्या आला असता.

ती माझ्या मागून आली आणि खाली पाटावर बसली.

“रागावलासा?”

“माझं गावात हसं केलंस.”

“गावात कोन हसलं? मी हसले, त्ये बी पदर लावून.”

“आता मी कशापायी जाऊ?”

“नगा जाऊ,” ती म्हणाली. “मी काय म्हननार न्हाई. पोती मी उचलते. आजवर उचललीच की.” तिनं पाट जवळ ओढला. “खरं सांगू का? उचलायचा तरास न्हवता मला. घरात बोलाय मानूस न्हवतं. तुमच्याकडं यून बसलं की कंबरच बोलायची. आज हितं दुखतंय, काल तितं दुखत हुतं. ह्ये आडीच म्हैनं तुमी कुत्र्याचं सांगितलासा, पाकाचं सांगितलासा, वाकून दावलासा. मी म्हनलं, आला आमचा मानूस.”

ती उठली, माळ्याखाली शिडी लावली, माझी शिबी काढून पदरानं पुसली आणि भिंतीला टेकवून ठेवली. माझ्या हातात दिली नाही. ती गोठ्यात गेली.

ही सगळी जुनी गोष्ट. अक्काताई वारून आता दोन वर्षं होतील. झोपेतच गेली, हृदय थांबलं म्हणाले. तो सरकलेला मणका शेवटपर्यंत तिच्या आड आला नाही. ती गेल्यावर माझी कंबर परत दुखायला लागली, आणि गुरव मॅडम म्हणाल्या की तसं होतं, दुःखात कुत्रं जास्त भुंकतं. मला ते पटलं. मी सकाळी उठून नळाचा हंडा भरतो. एकटा आहे, कळशीनं भागेल, पण हंडा भरतो.

त्या दिवशी खाटेवर मी किती वेळ बसलो, सांगता येणार नाही. रस तापत होता हे मला कळत होतं. शेवटी मी उठलो, शिबी घेतली आणि गोठ्यातनं जाताना तिच्याकडं न बघता म्हणालो, “भाकरी घिऊन ये दुपारी.”

“कोन उचलनार एवढं जड जेवान?” ती म्हणाली. “कंबर हाय माजी.”

गुऱ्हाळावर रसाला उकळी आली होती. मी शिबी घेऊन काहिलीपुढं उभा राहिलो. वाकलो की कंबर बोलायची, सरळ झालो की बोलायची. मी मळी काढत राहिलो. दुपारी अक्काताई भाकरी घेऊन आली आणि सावलीत बसली. काहिलीतला फेस पिवळा झाला, मग तांबूस झाला, बुडबुडे जड झाले. मी बोट पाण्यात बुडवलं, पाक घेतला, गोळी वळली. अजून थोडं.

दस्तगीर चुलवाणाच्या तोंडाशी घामानं निथळत उभा होता.

“अण्णा, वहिनींची कंबर कशी हाय म्हनं?”

“बरी झाली.”

“कवा?”

“सकाळी.”

“आन तुमची?”

“दुखतीया.”

त्यानं जाळात घालायला उचललेलं चिपाड तसंच हातात धरलं. “मग? थांबायचं का? आप्पांना बोलवू?”

मी परत बोट बुडवलं. गोळी हातात टणक झाली.

“कशाला? जाळ वढ भायेर,” मी म्हणालो आणि काहिलीच्या दांड्याला हात घातला. “गूळ आला.”